इस्पितळापुढचा कट्टा सिद्धीच्या हवाली

मी, हेमलता उमाकांत नाडगौडा, वय सदुसष्ट, व्यवसाय वास्तुरचना, राहणार बनशंकरी, बंगळूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाविना, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही.

१. बनशंकरीचं घर, ठेवी आणि दागिने माझी एकुलती मुलगी सिद्धी हिला. दागिने मोडून गाडी घेतली तरी माझी हरकत नाही.

२. माझं घडीचं स्टूल माझे जुने भागीदार त्रिविक्रम यांना. मी आधी मानववंशशास्त्र शिकले, मग इमारती. म्हणून कागदावर रेघ ओढण्याआधी जागेवर स्टूल टाकून बसायचे. माणसं चपला कुठे काढतात, डबा कुठे उघडतात, रडायला कुठल्या कोपऱ्यात जातात, ते बघायचे. त्रिविक्रम हसायचे, "बाई, नकाशा काढायचाय की सोयरीक जुळवायचीय?" माझं बसस्थानक, माझं वाचनालय आजही गजबजलेलं असतं. त्रिविक्रमांच्या इमारतींत लोक दार शोधत फिरतात. आता तरी त्यांनी बसून पाहावं म्हणते.

३. आता मुद्द्याचं. मी बांधलेल्या सरकारी इस्पितळापुढे लांबलचक, छपराचा कट्टा आहे. आपल्याकडे आजारी माणूस एकटा येत नाही, भाकरी बांधून अख्खं घर येतं. कट्टा त्यांच्यासाठी. तिथे काचा लावून दुकानं काढायचा घाट सरकारने घातलाय. नकाशा त्रिविक्रमांच्या कचेरीतला, आणि काढला कुणी? तिथे नोकरी करणाऱ्या सिद्धीने. माझ्या पोटच्या पोरीने! राग आला, अजून गेलेला नाही.

माझ्या किंवा माझ्या वारसाच्या सहीशिवाय कट्ट्याला हात लावायचा नाही, असा करार मी इस्पितळ बांधतानाच सरकारकडून करून घेतला होता. शेजारचे गुंडोअण्णा म्हणतात, "अक्का, तो हक्क त्रयस्थाला द्या. पोरगी उद्याच सही करून मोकळी होईल."

छे! हक्क सिद्धीलाच. अट एकच: सहीआधी तिने दिवसभर त्या कट्ट्यावर बसावं, आणि कुणी घास पुढे केला तर नको म्हणू नये. मग खुशाल सही करावी.

सिद्धी, तुझे बाबा त्याच इस्पितळात गेले. तू लहान होतीस. मी आत त्यांच्या उशाशी, तू बाहेर कट्ट्यावर. कुणा अनोळखी अक्कांनी तुला दहीभात भरवला, मांडीवर निजवलं. घरी येताना तू विचारलंस, "आई, त्या आपल्या कोण?" त्या पुन्हा भेटल्या नाहीत. कट्टा आहे अजून. जा, बैस तिथे.

ठिकाण: बनशंकरी, बंगळूर
दिनांक: ९ नोव्हेंबर १९९७

सही: हेमलता उमाकांत नाडगौडा

साक्षीदार:
१. भीमाचार्य कट्टी
२. गुंडो हुईलगोळ. सगळं वाचलं. माझी हरकत मागे घेतो, अक्का.