बापूजीकडून आलेलं

ऊर्जानगर,
१२ जून १९९९

चि. सौ. रंजीतास गुणाबाईचे अनेक आशीर्वाद.

लग्नाहून सुखरूप पोचलो. पंगतीत तू पुन्हा पुन्हा भात मागत होती, तरी कंबर पोरीसारखीच. घरी येताच आमच्या यायनं तेच म्हटलं. मी रोज क्वार्टरभोवती फिरतो, रात्री एकच पोळी खातो, अन् ब्लाउज दरवर्षी उसवा लागते.

तुह्या मानेची गाठ वाढली, डॉक्टर थायरॉइड कापा म्हणतात, त्याची काळजी वाटतेच. पण आपले बापूजी पेरणी सोडून तुह्यासंग नागपूरले निघाले. माह्या बाळंतपणात त्यायले सवड नव्हती, एवढंच लिहितो.

लोभ कमी नको करू.
तुही बाई,
गुणा

मूल,
४ जुलै १९९९

ति. बाईस रंजीताचा सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं नाई. नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं दोनदा रक्त तपासलं. म्हणाल्या, थायरॉइडचा रस रक्तात भरपूर आहे, पण मेंदू त्याले ओळखत नाई, अजून पाठव म्हणते. म्हणून गाठ वाढते. हृदय मात्र ओळखते, म्हणून छाती धावते. कापली तर त्रास वाढेल. मंग त्यायनं बापूजीची मान चाचपली. म्हणे हे जन्माचं आहे, यायच्याकडूनच आलं.

तू बी रक्त दे. माह्या गोपालचं बी दिलं. तो वर्गात बसत नाई म्हणून मास्तरचा मार खाते, डॉक्टरीणबाई म्हणे तेही यातूनच असेल.

बाई, तू कंबर पाह्यली. मी धानाच्या रोवण्याहून आली की पडल्या पडल्या काळजाची धडधड ऐकतो. लग्नात तू बाजूले घोरत होती, तर तुले ढोसून उठवावं वाटलं.

राग मानू नको, माया राहू दे.
तुही,
रंजीता

ऊर्जानगर,
२२ ऑगस्ट १९९९

चि. सौ. रंजीतास आशीर्वाद.

माह्यं रक्त साफ निघालं. यायनं पेढे आणले, मले खाववले नाई.

काल बापूजी आले. गोपालले बी तेच आहे म्हणून सांगतलं, अन् सांगता सांगता हसले. म्हणे, पोरगं आपल्यासारखंच धावते. माह्याकडे पाहून असे ते कधी हसले नाई. त्यायचे डोळे, त्यायची चाल, त्यायची भूक, सारं तुह्याकडे गेलं, आता तुह्या पोराकडे. आजार असला तरी घरचा होता. मले तोही भेटला नाई. असं वाटणं बरं नाई, मले समजते. तरी वाटते.

पुढच्या सोमवारी मी मूलले येतो. गोपालवर हात उचलायचा नाई, हे मास्तरले मीच सांगीन. तू मधात बोलू नको.

आहे तेवढी माया ठेव.
तुही बाई, अन् बापूजीची जरा कमीच लेक,
गुणा