पुशरॉड बसवू नकोस

मेघना,

"आली आई, आता शिकवत बसेल," असं तू इंजिनवर वाकून पुटपुटलीस, तेव्हा मी तुझ्या पाठीशीच उभी होते. म्हणून तोंडाने शिकवत नाही, लिहून जातेय.

त्या बुलेटचे पुशरॉड आज बसवू नकोस. बाबांनी काढलेलं माप लांब आहे. दोन्ही वॉल्व्ह बंद ठेवून मापाचा रॉड बोटांत फिरवत लांब करायचा, आणि बोटांना तो जरासा अडलेला जाणवला की थांबायचं. तिथून पुढे रॉडखालचा लिफ्टर किंचित दबेल एवढीच लांबी द्यायची. बाबा अडल्यावरही वाढवतच गेले. एवढा लांब रॉड घातलास तर तो वॉल्व्हला ढकलूनच धरेल, वॉल्व्ह मिटणारच नाही.

हे सगळं मी मोबाइलवर बघून आणि त्यांना पाने देता देता शिकले. गॅरेजमधून "अगं" अशी हाक आली की इतकी वर्षं मीच उठायचे. हल्ली ती हाक तुझ्यासाठी असते, तरी मी गॅस बारीक करून दारापर्यंत येतेच. पोटच्या पोरीवर जळते मी. हस खुशाल.

पण परवा तू त्यांचा हात हातात धरून रॉड फिरवत होतीस आणि मला बघून सोडलास. म्हणजे त्यांनी तुला सांगितलंय. मला नाही.

आमटी गरम करून घ्या. मी विठ्ठलवाडीला डॉक्टरांकडे नंबर लावायला चाललेय. कशाला गेली म्हणून त्यांनी विचारलं तर आता लपवू नकोस. सांग, बाबा, तुमची बोटं बधिर झालीत हे आईला कळलंय.

आई