वर्तुळाची आत्या

बंगळूर,
११ डिसेंबर १९९६

प्रिय सुधींद्र,

प्रतिमा अनुसूयावहिनींना पत्र लिहिते, त्याखाली मी दोन ओळी जोडतो, आणि आपली मैत्री शाबूत आहे असे गृहीत धरतो. स्वतंत्र पत्र मी तुला किती वर्षांत लिहिले नाही, हे आठवूनही सांगता येणार नाही. आज हा चौथा कागद आहे. आधीचे तीन फाडले. त्यांत भाषेची चूक एकही नव्हती. चूक एवढीच होती की ते वाचून तुला माझी कीव आली असती.

आपल्या कॉलेजातल्या मराठी मुलांचे ते वर्तुळ सोडून तुला सव्वीस वर्षे झाली. मी अजून सोडलेले नाही. पीएच.डी. झाली, संशोधन संस्थेत विभागप्रमुख झालो, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, पण ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी वसतिगृहाच्या भोजनगृहात मी हजर असतोच. त्या दिवशी नव्या मराठी मुलांचे ‘बारसे’ असते. मुलगा बाकावर उभा राहतो, नाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय सांगतो, आणि वर्तुळाची ‘आत्या’ सर्वांसमक्ष त्याचे नवे नाव उच्चारते. मग चार वर्षे तेच नाव. मी तिसऱ्या वर्षाला असताना, तू पहिल्या वर्षाला आलास त्याच साली, मुलांनी मला आत्या केले, ते पद माजी विद्यार्थी झाल्यावरही माझ्याकडेच राहिले. आजवर दोनशेच्या वर नावे ठेवली, एकही दुसऱ्यांदा वापरले नाही. प्रत्येक नावात त्या मुलातले नेमके काहीतरी पकडलेले असे, आणि त्या नेमकेपणाची मला घमेंड होती. निरोपसमारंभात मुले वाकून नमस्कार करीत, तेव्हा आपण पिढ्या घडवीत आहोत असे वाटे. प्रतिमा एकदा म्हणाली, “ऑफिसात तुमच्या विनोदाला कुणी हसत नाही, म्हणून तिकडे जाता.” मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

यंदा बसवंत नावाचा मुलगा बाकावर चढला. मूळ अथणीकडचा, वाढला इथेच यशवंतपुरात. वडील नाहीत म्हणाला. मग आई काय करते, असे मी विचारले. “बाजारात कांदं निवडती.” त्याचा उच्चार मला खटकला, शर्टाचे वरचे बटण नव्हते, तेही खटकले. प्रवेशपरीक्षेत तो आमच्या सगळ्या मुलांत पहिला होता, हे मी विचारले असते तर कळले असते. “कांदा,” मी म्हणालो, “हा वर्गात शिरला की सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी येईल.” भोजनगृह दणाणले. तो मुलगाही हसला. ते हसणे मी संमती समजलो आणि जिलेबी खाऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून तो वर्गात शिरला की मुले खिशातून रुमाल काढून डोळ्यांना लावू लागली. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, जेवणाच्या रांगेत. एका अध्यापकांनीही एकदा लावला म्हणतात. हा खेळ त्यांना मी शिकवला नव्हता, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. सप्टेंबर सरता सरता बसवंत कॉलेजात यायचा थांबला. हजेरी भरली नाही, त्यामुळे परीक्षेला बसू देणार नाहीत. परीक्षा बुडाली तर शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे शिक्षण बंद. त्याच्या आईने, यल्लव्वाने, कुणाकडून तरी अर्ज लिहवून घेऊन प्राचार्यांकडे तक्रार केली. तिघांची समिती नेमली गेली. छळ झाला असे ठरले तर हजेरीची अट माफ होईल, नाही ठरले तर मुलगा घरी.

समितीने माझे निवेदन मागवले. मी दोन पानांचे इंग्रजी निवेदन लिहिले, आणि ते मला स्वतःला फार आवडले. ही आपुलकीची परंपरा आहे, हिच्यामुळे आजवर कुणी दुखावला गेलेला नाही, असे त्यात म्हटले. पुराव्यादाखल तुला उभे केले. ‘माझे खोलीतील सोबती श्री. सुधींद्र, आज सोलापुरात पाटबंधारे खात्यात अधीक्षक अभियंता, यांना साठ जणांच्या प्रवेशयादीत शेवटचे म्हणून मी “साठावा” हे नाव दिले. ते त्यांनी अभिमानाने मिरवले व आजही ते प्रेमाने आठवतात.’ प्रतिमेला वाचून दाखवले. ती म्हणाली, “सुधींद्रभावजींना विचारलंत?” मी म्हणालो, मित्राला काय विचारायचे.

विचारण्याची गरज नव्हती, कारण उत्तर मला ठाऊक होते. दीड वर्षाने तू वसतिगृह सोडलेस आणि हेब्बाळला, तेव्हाच्या त्या खेड्यात, खोली घेतलीस. रोज सायकलने येत-जात होतास. मेसच्या तिखटाने पित्त होते, असे सांगितलेस. एकदा मी तिकडे आलो, तेव्हा तुझ्या घरमालकीणबाई अंगणातून “सुधींद्रा!” म्हणून हाक मारीत होत्या आणि तू आतून “बंदे अक्का!” म्हणून ओ दिलीस. इतका मोकळा आवाज आपल्या खोलीत मी तुझा कधी ऐकला नव्हता. तुझ्या लग्नाच्या पंगतीत आपल्या लोकांनी “साठावा, उखाणा घे!” असा गलका केला, तेव्हा अनुसूयावहिनींनी हळूच त्या नावाचा अर्थ विचारला. “काही नाही, यादीतला नंबर,” म्हणालास आणि हातातला घास ताटात परत ठेवलास. मी समोरच बसलो होतो. मी पाहिले, आणि शेजारच्या माणसाशी बोलू लागलो.

गेल्या गुरुवारी समितीच्या कचेरीत गेलो होतो. व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांना आत बोलावणे यायचे होते. हातात कागद. मला म्हणाल्या, “अण्णा, स्वल्प हे वाचून दावता का? मराठीत सांगा, नाहीतर कन्नडात, कसंबी चालंल. विंग्रजी हाय.” कागद उघडला तर माझेच निवेदन होते, तक्रारीला उत्तर म्हणून त्याची प्रत समितीने त्यांना दिली होती. मी वाचले, सुधींद्र. एकेक वाक्य मराठीत करून सांगितले. इंग्रजीत डौलदार वाटलेली वाक्ये मराठीत त्या बाईंसमोर उच्चारताना लाज वाटत होती, पण मी थांबलो नाही. तुझ्या उल्लेखापाशी त्यांनी मला अडवले. “म्हंजी ह्या साहेबांना नाव आवडलं व्हतं?” मी म्हणालो, असे यात लिहिले आहे. “त्यांनी लिवलंय?” नाही, त्यांच्या मित्राने. त्या म्हणाल्या, “माझा पोरगा घरी बी रुमाल वापरंना. अंघोळ करून वल्लाच बसतो.” सही वाचायची राहिली होती. अंगठ्याखाली ती झाकून मी कागदाची घडी घातली आणि परत दिला. “सरी अण्णा,” त्या म्हणाल्या, “लई नीट वाचता तुमी.”

आयुष्यात माझ्या वाचनाची पुष्कळ स्तुती झाली आहे. त्या व्हरांड्यात मात्र मला माझे नाव सांगता आले नाही. आत न जाता जिन्याने उतरलो. बसस्टॉपवर तीन बस सोडल्या.

आता हे पत्र का, ते सांगतो. समितीने तुझे दोन ओळींचे दुजोऱ्याचे पत्र मागितले होते आणि ते आणून देण्याची जबाबदारी मी घेतली होती. तुझ्या वतीने मसुदाही तयार केला होता. तू फक्त सही करायचीस. फाडलेल्या पहिल्या कागदासोबत तोच जाणार होता. तो आता नाही. परवा मी समितीपुढे जाऊन निवेदन मागे घेतले, नाव मीच ठेवले आणि मुलांना खेळ मीच दिला, असे लेखी दिले. तिघांनी मला चहा पाजला. डॉक्टरसाहेब, तुम्ही उगाच मनाला लावून घेता, असे म्हणाले. वर्तुळाची चार मुले सगळे गमतीत होते असे शपथेवर सांगून गेली आहेत, आणि माझी कबुली त्यांना मोठ्या माणसाचा विनय वाटतो. ज्याला नाव ठेवले गेले अशा माणसाचा शब्द त्यांच्यापुढे एकही नाही. बसवंत बोलत नाही. म्हणून तुझ्याकडे मागतो आहे. इतकी वर्षे जे तू सभ्यपणे गिळलेस, ते परक्या तीन माणसांना लिहून कळव, असे मागण्याचा मला अधिकार नाही, हे जाणून मागतो आहे. हेब्बाळला का गेलास, ते लिही. माझे नाव घालून लिही, सौम्य करू नकोस. समिती २० तारखेला बसते. पत्ता मागील बाजूस आहे, रजिस्टर्ड टपालाने पाठवलेस तर वेळेत पोहोचेल. मला उत्तर लिहिले नाहीस तरी चालेल. तिकडे लिही.

तुझाच,
उमाकांत