एका पेटीच्या दोन किल्ल्या

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या बचत गटाच्या पेटीला दोन कुलपं. किल्ल्या मुद्दाम एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघींकडे, म्हणजे संगनमत नको. कुणाचं डोकं हे? मला हसूच आलं होतं.

हौसामावशी आणि तिची धाकटी जाऊ ठकी. शेताच्या बांधावरून अबोला. आज ठकीनं लेकीच्या तळेगावच्या नर्सिंगसाठी कर्ज मागितलं. हौसामावशी अडवणार, असं वाटलं मला. का वाटलं? तिनं तोंड फिरवलं होतं म्हणून?

पण आधी तिनंच आपलं कुलूप उघडलं. ठकीच्या कुलपाला काही केल्या किल्ली लागेना. हौसामावशीनं ते कुलूप घट्ट धरलं. तोंड तसंच फिरवलेलं.

बाहेर आल्यावर विचारलं, "मावशी, मिटलं का भांडण?"

"कशाला मिटंल? भांडान बांधाचं हाय, पोरीचं न्हाई."