गच्चीच्या मोरीपुढची खूण

२ मार्च, रविवार
आज मुलाने घराच्या देखभालीचा तक्ता केला आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला. काम झालं की पुढे बरोबरची खूण करायची. टाकी, विजेची बटणं, गॅसची नळी त्याच्याकडे. नळांच्या जाळ्या सुनेकडे. माझ्याकडे नुसतं बिजागऱ्यांना तेल. एवढंच? मी म्हटलं, गच्चीची मोरी पण मला दे, दर रविवारी पाचोळा काढीन.
"आई, जिना चढवेल तुला?"
"तुझ्या बायकोच्या आधी चढेन."
सून हसली. चढलेही!
दोन कामं, दोन खुणा. मी दुसरीपर्यंत शिकले. बाईंनी माझ्या पाटीवर बरोबरची खूण एकदाच केली, तीही शेजारणीची पाटी समजून. आज माझ्या हाताने केली — शेपटी काय झोकदार आली. जाता-येता तीनदा पाहून आले.

२३ मार्च, रविवार
गुडघा सुजलाय. मोरी राहिली. बिजागऱ्यांपुढे खूण करताना हात तक्त्यातल्या पुढच्या, मोरीच्या चौकटीत कसा गेला कळलं नाही. पेन नवीन, फार सरकतं. पुढच्या रविवारी दुप्पट पाचोळा काढीन.

१३ एप्रिल, रविवार
खूण केली.

१८ मे, रविवार
केली. तक्त्याकडे न बघता.

७ जून
काल दिवसभर धो धो. सुनेच्या शिलाई मशीनच्या वर, छताला परातीएवढी ओल. गच्चीचा गिलावा गेल्याच वर्षी करून घेतलेला, मुलगा गवंड्यावर भडकला. "फसवलं म्हाताऱ्याने. उद्या येऊन सगळं उकरून पुन्हा करू दे. नाहीतर गल्लीत कुणी त्याला दारात उभं करणार नाही."
तो गवंडी माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. कमरेला पट्टा बांधून काम करतो. आमच्याच गल्लीतल्या कामांवर त्याचं घर चालतं.
ताट तसंच बाजूला सारलं. सुनेला म्हटलं, दाढ दुखते.

८ जून, रविवार
गवंडी वर जाऊन खाली आला. "साहेब, गिलावा ठणठणीत आहे. मोरी तुंबून घोटाभर पाणी साचलंय. साफ कोण करतं?"
"आई. दर रविवारी. हे बघा."
आणि त्याने तक्ता दाखवला. माझ्या खुणा, एकाखाली एक, मोत्यांसारख्या. "माझी आई खोटी खूण करणार नाही. पाचोळा परवाच्या वाऱ्याने आला असेल."
गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्याकडे. "बरं," म्हणाला, आणि छिन्नी-हातोडा घेऊन पुन्हा वर गेला. मुलगाही मागोमाग.
मी चहा टाकायला वळले. साखर दोनदा घातली. वरून पहिला ठोका आला. दुसरा. तिसऱ्याला मी जिन्यात — बुडावर बसत, एकेक पायरी करत, सतरा पायऱ्या.
"थांबा," म्हटलं. "अडीच महिने झाले, मी वर आलेच नाही."
मुलगा बोलला तो बोललाच. "त्या खुणेवर घर चालतं, आई. कुणाच्या पोटावर पाय आला असता!" खरं होतं. मान खाली घालून ऐकलं. गवंडी तिकडे मोरीत कोपरापर्यंत हात घालून पाचोळा उपसत होता. जाताना एवढंच म्हणाला, "वहिनी, चहा आज जरा जास्तच गोड."

९ जून
चष्मा लावून बसले आणि माझ्या खोट्या खुणांवर फुल्या मारल्या. अकरा. एकही सोडली नाही.

१० जून
आता खरोखर तपासायचं म्हणून सगळ्यांच्या ओळी बघितल्या. दुसऱ्याची अक्षरं जुळवायला वेळ लागतो, आकडे मला चटकन येतात. 'गॅसची नळी बदलली — १५ मार्च.' पुढे मुलाची खूण. वाकून ओट्याखाली पाहिलं. नळीवर साल छापलेलं असतं. पाच वर्षांपूर्वीचं. वाकवली तर भेगा.
आधी गॅस बंद केला. मग त्याची खूण पुन्हा पाहिली. झोकदार शेपटीची. माझ्याच वळणाची.