अंगणातल्या माणसाईले दिलेलं उत्तर

बोरी अरब, ता. १२-१-१९६२

चि. धनीस आईचा आशीर्वाद. वि. वि.

इकडे सारे ठीक. तुह्या बापाचा खोकला तेवढा घर सोडत नाही. बाजारात रुखमाबाई भेटली. म्हणे, राळेगावले तुह्या पोरीनं अडलेल्या बाईच्या खोलीतून बाहेर येऊन सांगतलं, मले समजत नाही, यवतमाळले न्या. माही मान खाली गेली. आपण सुइणी. बाहेर आलो का अंगणातल्या माणसाईले पोर होयाची वेळ सांगाच लागते. माह्या आईनं सांगतली, मी तीस वर्षं सांगून राह्यली. सरकारनं सुइणीच्या शिक्षणात तुले हेच शिकवलं काय? आता कोण बोलावन तुले? काहून बोलली तसं, लवकर लिही.

तुही आई सुखीबाई

राळेगाव, ता. १९-१-१९६२

ती. याडीस, माझ्या आईस, धनीचा सा. न. वि. वि.

तुझा राग पोचला, कागद दोन जागी फाटला आहे. अडलेल्या इंदूबाईच्या पोटावर तू शिकवलं तसा हात ठेवून बसले. डोकं कुठं ते लागेना. वेळ सांगितली असती तर सगळे त्या वेळेची वाट पाहत बसले असते, मीही. तिच्या सासूनं मला नवशिकी म्हटलं, पण बैल जुंपले. पोर आडवं होतं. यवतमाळला पोट उघडून काढलं. दोघं जगली. बाबांना जपावं, माझ्यावर माया असू द्यावी.

तुझी धनी

बोरी अरब, ता. ४-३-१९६२

चि. धनीस आशीर्वाद.

उत्तराले दीड महिना लागला. कबूल कराची मले सवय नाही.

परवा मानीबाईची सून अडली. हाताले काही लागेना. बाहेर तांड्याचा मुखिया देवसिंग नायक अन् सारा तांडा वेळ ऐकाले उभा. जिभेवर दिवेलागण आलतीच. तेवढ्यात सोनीबाई आठवली. तिच्या दारात मी दुपार सांगतली होती. सारे दुपारची वाट पाहत बसले, ती थांबली नाही, गेली. हे तुले कधी सांगतलं नव्हतं.

म्हटलं, मले समजत नाही, गाडी जुंपा. कोणी हललं नाही. म्हटलं, तीस वर्षांत पहिल्यांदा असं बोलून राह्यली, आतातरी ऐका. मग धावले.

यवतमाळले पोरगी झाली, दोघी खुशाल. नायक म्हणे, सुखीबाई म्हातारी झाली. म्हणू दे. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, वेळेवर कोणी पाठवलं? मानीबाईनं माह्यं नाव घेतलं. मी म्हटलं, धनीबाई लिहा, राळेगावची. त्याईनं बापाचं नाव विचारलं. म्हटलं, हे ना बापानं शिकवलं ना मी, नुसतं धनीबाई लिहा. लिहीपर्यंत मी तिथून हलली नाही.

माह्यं बोलणं तिखट, माया कमी करू नको.

तुही आई