राखीसोबत आलेला दिवा

धंतोली, नागपूर
७ ऑगस्ट २०२५

ती. दादांस,
पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून राखी जितेंद्रच्या हाती पाठवते आहे. सोबत अंगणात लावायचा मोठा दिवा आहे. तुमचा भाचाच तो खांबावर बसवून देईल. वहिनी गेल्यापासून तुम्ही सालईटोल्याच्या त्या अंधारात एकटे. चौतीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात राबून सगळ्यांना उजेड दिलात आणि स्वतः जाऊन बसलात कुठे, तर जंगलाच्या काठाला. माझ्या खिडकीसमोर दवाखान्यांच्या पाट्या रात्रभर झगझगतात, मध्यरात्रीही सुई ओवता येते. तिथे तुम्ही घसरून पडलात तर कुणाला दिसणार?

माझी एकच अट आहे. दिवा रात्रभर चालू ठेवायचा. पटत नसेल तर दिवाळीत जितेंद्र गाडी घेऊन येईल आणि तुम्ही कायमचे आमच्याकडे राहायला याल. तिथे फोनला रेंज नाही, तेव्हा उत्तर टपालाने का होईना, पाठवा.

धाकटी असून दटावते म्हणून रागवू नये.
तुमची
पुष्पा


सालईटोला, ता. रामटेक
५ ऑक्टोबर २०२५

चि. पुष्पास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी अट दोन महिने पाळली. गाव सुटू नये म्हणून पाळली, हेही कबूल करतो. अंगणात रात्रभर दिवस असायचा आणि कोंबडा वाटेल तेव्हा आरवायचा.

कुंपणापलीकडे जयवंताबाईंचं घर आणि त्यांचं सोयाबीन आहे. या आठवड्यात कापणीला हात घातला, तर सगळं शेत वाळलेलं आणि आपल्या दिव्यासमोरचा पट्टा तेवढा हिरवागार. पानं भरपूर, शेंगा जवळजवळ नाहीत. सोयाबीनला रात्र झाल्याचं कळलंच नाही, ते शेंगा धरणार कधी? आयुष्यभर वीज तयार केली, पण हे मला ठाऊक नव्हतं. बाईंच्या मात्र महिन्याभरापूर्वीच लक्षात आलं होतं. काहून नाही बोललात, असं विचारलं तर म्हणाल्या, "बहिनीनं राखीसंगं धाडलेला दिवा. तो बंद करा म्हणून मी कशी सांगू गा भाऊ?" माझी मान वर होईना. भरपाईचं नावही त्या काढू देत नाहीत, म्हणून रोज त्यांच्या कापणीला जातो. माझ्याहून त्यांच्या बैलाला जास्त काम येतं, ही गोष्ट वेगळी.

दिवा त्याच दिवशी बंद केला. म्हणजे अट मोडली. आता तू म्हणशील तसं. फक्त गाडी पाठवशील तेव्हा तूही तीत बस. भाऊबीज इथे कर आणि मग मला घेऊन जा.

गुडघ्यांना जप.
तुझा
दादा


धंतोली, नागपूर
२६ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मामाला आणायला गेलो आणि वांगी घेऊन आलो, असं जितेंद्र भेटेल त्याला सांगतो आहे.

तुम्ही ड्युटीवर असायचात त्या भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळायची. अलीकडे गच्चीवरून द्वितीयेची कोर दिसतच नाही. मागच्या वर्षी मी ज्याला ओवाळलं तो एका दवाखान्याच्या पाटीचा दिवा होता, असं सूनबाई हसत सांगते. यंदा तुमच्या अंगणातून कोर दिसली आणि तुम्हीही समोर पाटावर. दोघांनाही ओवाळलं. फार वर्षांनी इतकं बरं वाटलं, दादा.

रात्री ओसरीत निजलो तेव्हा मात्र भीती वाटली. स्वतःचा हात दिसेना. मग तुम्हाला खोकल्याची उबळ आली आणि लगेच कुंपणापलीकडून जयवंताबाईंची हाक आली, "भाऊ, बरं हाय ना गा?" तुम्ही अर्धवट झोपेतच हो म्हणालात आणि कूस बदललीत. तुमचं हे रोजचंच असावं. मला मात्र रडू आवरेना. गेल्या महिन्यात मी आठवडाभर खोकत होते. इथे एवढा उजेड, पण समोरच्या दारातून कुणी विचारलं नाही.

म्हणून सकाळी दिवा उतरवून घेतला आणि तुम्हाला तिथेच ठेवून आले. अट मागे घेतली आहे. जयवंताबाईंचे पाय धरायला गेले तर त्यांनी धरू दिले नाहीत. माझ्या वाटचे आभार तुम्ही रोज थोडे थोडे माना.

उन्हाळ्यात मी महिनाभर येते. माझी खाट कुंपणाच्या बाजूलाच टाका. मलाही खोकला आहे.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची
पुष्पा